ऑइल फिल्टर (मोटारगाडी)

ऑइल फिल्टर म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनातील वंगणतेल गाळून त्यातील घन कण अडवून धरणारे साधन होय. मोटारगाडीच्या इंजिनात पंपाने ढकललेले तेल बेअरिंग, पिस्टन, कॅमशाफ्ट आदी फिरत्या व घासत्या भागांपर्यंत पोहोचण्यापूर्वी या फिल्टरमधून जाते. मराठीत यास ‘तेलगाळणी’ किंवा ‘वंगण गाळणी’ म्हणता येईल. तथापि व्यवहारात, गॅरेजमध्ये आणि सुट्या भागांच्या दुकानांत ‘ऑइल फिल्टर’ हाच शब्द रूढ आहे. प्रस्तुत लेखात कौटुंबिक वापराच्या सेडान प्रकारच्या गाडीसाठी हा फिल्टर कसा निवडावा व कसा बदलावा यांचे विवेचन आहे. उदाहरणांसाठी सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर आणि त्याच्या आसपासचा ऊसपट्टा विचारात घेतला आहे.

गाडीच्या एकूण किमतीच्या तुलनेत ऑइल फिल्टर अत्यंत स्वस्त असतो. साधारणतः काहीशे रुपयांत तो मिळतो. मात्र तो चुकीचा बसला, गळू लागला किंवा वेळेवर बदलला नाही, तर इंजिन उघडून दुरुस्त करावे लागण्याची वेळ येऊ शकते व तो खर्च हजारोंच्या घरात जातो. म्हणूनच या लहानशा भागाची माहिती प्रत्येक गाडीमालकास असणे हितावह ठरते.

इतिहास

आरंभीच्या मोटारगाड्यांत तेल गाळण्याची स्वतंत्र व्यवस्था नव्हती. पंपाच्या तोंडाशी तारेची जाळी असे व ती केवळ मोठे कण अडवी. बारीक धूळ व धातूचा कीस तेलात तसाच फिरत राहत असल्यामुळे तेल वारंवार बदलावे लागे आणि इंजिनेही लवकर झिजत. अमेरिकेतील अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी १९२३च्या सुमारास मोटारगाडीसाठी तेल गाळणारे साधन सिद्ध केले. ‘प्युअर ऑइल लेटर’ या तीन इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून त्यास ‘प्युरोलेटर’ हे नाव मिळाले. स्वीटलंड यांनी त्यापूर्वी औद्योगिक वापराचे गाळणयंत्र तयार केले होते आणि ते साखर शुद्धीकरणाच्या कारखान्यांतही वापरले जाई. उसाचा रस गाळणारे यंत्र आणि मोटारीचे तेल गाळणारा डबा यांचे नाते असे जुने आहे.

आरंभीच्या फिल्टरमधून एकूण तेलाचा काही अंशच गाळला जात असे. पुढे सर्व तेल फिल्टरमधून नेणारी ‘पूर्णप्रवाही’ पद्धत रूढ झाली. १९५०च्या दशकात आट्यांवर फिरवून बसविण्याचा, वापरानंतर संपूर्ण काढून टाकण्याचा बंद डबा प्रचारात आला. त्यामुळे फिल्टर बदलणे काही मिनिटांचे काम झाले.

भारतातील मोटारउद्योगाच्या इतिहासात सोलापूरचे नाव आदराने घेतले जाते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूर येथे झाला. त्यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. फियाट कंपनीच्या आराखड्यावर आधारित आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली गाडी अनेक दशके मध्यमवर्गीय कुटुंबांची व मुंबईच्या टॅक्सीचालकांची सोबती होती. १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आल्यानंतर देशात खाजगी गाड्यांची संख्या झपाट्याने वाढली. आजच्या काळात मारुती सुझुकी डिझायर, होंडा अमेझ व सिटी, ह्युंदाई व्हर्ना, टाटा टिगोर, तसेच पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस व स्कोडा स्लाव्हिया या सेडान गाड्या ग्रामीण भागांतही दिसतात.

तेल दूषित का होते

इंजिनातील तेलाची कामे अनेक आहेत. ते घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या कड्यांजवळील फट सांधते, गंज रोखते आणि आतील मळ आपल्यात सामावून घेते. यांतील शेवटच्या कामामुळेच तेल काळे पडते. तेल काळे होणे हे प्रत्येक वेळी ते निकामी झाल्याचे लक्षण नसते. ते मळ धरून ठेवत आहे एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

तेलात पुढील पदार्थ मिसळतात :

• धातूचा कीस : बेअरिंग, सिलिंडर व दातेरी चक्रे यांच्या झिजेतून निघणारे सूक्ष्म कण.
• काजळी : इंधनाच्या अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणारे कण. डिझेल इंजिनात यांचे प्रमाण अधिक असते.
• धूळ : एअर फिल्टरमधून किंवा त्याच्या सैल जोडातून आत गेलेली वाळूसदृश कठीण धूळ. ती धातूवर पॉलिश कागदासारखी घासते.
• पाणी व इंधन : इंजिन पूर्ण तापण्याआधी बंद केले जात असेल, तर बाष्पाचे पाणी व न जळलेले इंधन तेलात साठत जाते.
• आम्ले व गाळ : उष्णता व हवेतील प्राणवायू यांमुळे तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन तयार होणारे पदार्थ.

ऑइल फिल्टर यांपैकी केवळ घन कण अडवू शकतो. तेलात विरघळलेले इंधन, पाणी व आम्ले त्यातून आरपार जातात. शिवाय तेलात कारखान्यातच मिसळलेली रासायनिक पूरकद्रव्येही कालांतराने संपतात. त्यामुळे चांगला फिल्टर बसविला म्हणून जुने तेल नवे होत नाही आणि नवे तेल घातले म्हणून जुना फिल्टर मोकळा होत नाही. दोन्ही एकत्र बदलण्याच्या पद्धतीमागे हेच कारण आहे.

रचना व कार्य

आट्यांवर बसणाऱ्या फिल्टरचा बाहेरील भाग पत्र्याच्या डब्याचा असतो. त्याच्या तळपट्टीवर मध्यभागी आटे असलेले एक मोठे छिद्र आणि त्याभोवती लहान छिद्रांचे कडे असते. तळपट्टीच्या कडेने रबरी गॅस्केट बसविलेले असते. आत घड्या घातलेला गाळणकागद एका सच्छिद्र नळीभोवती गुंडाळलेला असतो. घड्यांमुळे लहानशा डब्यात कागदाचे मोठे क्षेत्रफळ सामावते. पंपाकडून आलेले तेल कडेच्या लहान छिद्रांतून डब्यात शिरते, कागदाच्या बाहेरून आत झिरपते आणि मधल्या छिद्रातून इंजिनाकडे परत जाते. मळ कागदाच्या बाहेरील बाजूस अडकून राहतो.

या डब्यात दोन झडपा महत्त्वाच्या असतात. पहिली ‘बायपास झडप’. थंडीत तेल घट्ट असताना किंवा कागद मळाने तुंबला असताना फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबांत मोठा फरक पडतो. हा फरक ठरावीक मर्यादेपुढे, साधारणतः एक बार वा त्याच्या आसपास, गेला की ही झडप उघडते व तेल न गाळताच पुढे जाते. न गाळलेले तेल मिळणे तेल मुळीच न मिळण्यापेक्षा बरे, हे त्यामागील तत्त्व होय. काही गाड्यांत ही झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनाच्याच भागात बसविलेली असते.

दुसरी ‘परतीरोधक झडप’. इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधील तेल खाली चेंबरमध्ये उतरू नये म्हणून ही लवचीक रबरी पाकळी छिद्रे झाकून ठेवते. ती निकामी झाली, तर सकाळी गाडी सुरू केल्यावर फिल्टर पुन्हा भरेपर्यंत काही क्षण बेअरिंगांना दाबाने तेल मिळत नाही व इंजिनातून खडखड ऐकू येते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसविलेल्या गाड्यांत या झडपेचे महत्त्व विशेष असते.

ठिबक सिंचन वापरणाऱ्या शेतकऱ्यास हे तत्त्व सहज कळते. ठिबक संचात वाळूचा किंवा चकत्यांचा फिल्टर असतो. त्याच्या आधीच्या व नंतरच्या दाबमापकांतील फरक वाढला की फिल्टर तुंबल्याचे कळते आणि तो धुतला जातो. फरक इतकाच की ठिबकचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुऊन पुन्हा वापरता येतो, मोटारीचा कागदी फिल्टर मात्र धुऊन वापरता येत नाही. तसेच कौटुंबिक गाडीत फिल्टर तुंबल्याचे दाखविणारा मापक सहसा नसतो.

गाळण्याची क्षमता

कणांचा आकार मायक्रॉन या एककात मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. चालू इंजिनाच्या बेअरिंगमधील तेलाचा थर याहून पुष्कळच पातळ असतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे कणही झीज घडवू शकतात.

केवळ ‘इतक्या मायक्रॉनचा फिल्टर’ एवढ्या उल्लेखावरून त्याचा दर्जा ठरत नाही; त्या आकाराचे किती कण अडतात हेही पाहावे लागते. त्यासाठी ‘बीटा गुणोत्तर’ वापरतात. ठरावीक आकाराचे ७५ कण फिल्टरपर्यंत आले व त्यांपैकी एकच पलीकडे गेला, तर त्या आकारासाठी बीटा गुणोत्तर ७५ होते, म्हणजेच सुमारे ९८.७ टक्के कण अडतात. पूर्णप्रवाही फिल्टरच्या चाचण्यांसाठी ‘आयएसओ ४५४८’ ही आंतरराष्ट्रीय मानकमाला आहे.

कागद जितका बारीक तितका फिल्टर उत्तम, हा समज अपुरा आहे. फार बारीक गाळण असल्यास प्रवाहास अडथळा वाढतो, कागद लवकर भरतो आणि बायपास झडप वारंवार उघडते. गाळण्याची सूक्ष्मता, मळ धरून ठेवण्याची क्षमता आणि प्रवाहाची सुलभता या तिन्हींचा मेळ साधणे हे फिल्टर बनविणाऱ्याचे खरे कौशल्य होय. साधे फिल्टर वनस्पतिजन्य तंतूंच्या कागदाचे असतात. दीर्घ मुदतीच्या फिल्टरमध्ये कृत्रिम किंवा काचेचे तंतू मिसळलेले असतात.

प्रकार

१. डबाबंद फिल्टर : आट्यांवर फिरवून बसविण्याचा, बाहेरील डब्यासह बदलला जाणारा. अनेक पेट्रोल सेडान गाड्यांत हाच आढळतो.

२. काडतूस फिल्टर : यात केवळ गाळणकागदाचा गाभा बदलला जातो. तो इंजिनावरील कायमस्वरूपी कोठीत बसतो आणि त्यावर प्लास्टिकची किंवा धातूची टोपी असते. पत्र्याचा कचरा कमी होत असल्याने अनेक नव्या इंजिनांत याचा अवलंब झाला आहे. पूर्वी अनेक भारतीय सेडानांत वापरले गेलेले फियाटच्या आराखड्याचे १.३ लिटर डिझेल इंजिनही याच प्रकारचा फिल्टर वापरते.

३. केंद्रोत्सारी फिल्टर : तेल वेगाने फिरवून जड कण बाजूस फेकणारा. अनेक लहान मोटारसायकलींत व काही अवजड डिझेल वाहनांत तो असतो. सेडान गाड्यांत तो सहसा नसतो.

योग्य फिल्टरची निवड

फिल्टरची निवड गाडीच्या नावावरून न करता इंजिनावरून करावयाची असते. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल व डिझेल इंजिनांचे फिल्टर पूर्णपणे भिन्न असू शकतात. निर्मितीचे वर्ष बदलले की इंजिनही बदललेले असू शकते. म्हणून खरेदीच्या वेळी गाडीचे नाव, इंजिनाचा प्रकार व निर्मितीचे वर्ष या तीन गोष्टी सांगणे आवश्यक असते. सर्वांत विश्वसनीय आधार म्हणजे गाडीसोबत मिळालेल्या मालक-पुस्तिकेतील किंवा उत्पादकाच्या सूचीतील भागक्रमांक होय.

जुन्या फिल्टरशेजारी नवा ठेवून तुलना करणे उपयुक्त असले, तरी तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. दोन फिल्टरांचे आटे व गॅस्केटचा व्यास सारखे असूनही बायपास झडप उघडण्याचा दाब वेगळा असू शकतो. एकात परतीरोधक झडप असते व दुसऱ्यात नसते. असा फिल्टर ‘बसतो’, परंतु ‘चालतो’ असे म्हणता येत नाही. आट्यांच्या मापातील किंचित फरकही घातक ठरतो. मेट्रिक आट्यांवर इंचाच्या मापाचा फिल्टर थोडा फिरून अडकतो आणि जोर लावल्यास इंजिनावरील आटेच खराब होतात.

बाजारात फिल्टर साधारणतः तीन स्वरूपांत मिळतात. पहिला, गाडीच्या कंपनीच्या नावाने विकला जाणारा. दुसरा, फिल्टर बनविणाऱ्या नामांकित कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला. गाडीउत्पादक बहुधा स्वतः फिल्टर बनवीत नाहीत, ते अशाच कंपन्यांकडून बनवून घेतात. त्यामुळे योग्य भागक्रमांकाचा दुसऱ्या प्रकारचा फिल्टरही निर्धोक असतो. तिसरा प्रकार बनावट मालाचा. यात पेटी व छपाई नामांकित कंपनीसारखी असते, पण आतील कागद निकृष्ट, घड्या कमी व विषम आणि झडपा नावापुरत्या असतात.

बनावट माल ओळखण्यासाठी पुढील बाबी पाहिल्या जातात :

• पेटीवरील सुरक्षाचिन्ह किंवा क्यूआर संकेत कंपनीच्या पडताळणीत खरा ठरतो का.
• पेटीवरील आणि डब्यावरील भागक्रमांक एकच आहे का. कमाल किरकोळ किंमत व निर्मितीचा महिना छापलेला आहे का.
• गॅस्केट मऊ, अखंड व खाचेत नीट बसलेले आहे का.
• आटे स्वच्छ आहेत का. आत धातूचा कीस तर नाही ना.
• दुकानदार पक्के बिल देतो का.

पाच-पन्नास रुपयांच्या फरकासाठी बिलाविना माल घेण्याची सवय येथे महागात पडते. कारण फिल्टर निकृष्ट असल्याचे कळते तेव्हा बहुधा झीज होऊन गेलेली असते.

फिल्टर केव्हा बदलावा

मालक-पुस्तिकेतील मुदत प्रमाण मानावी. भारतातील अनेक पेट्रोल सेडान गाड्यांसाठी ती १०,००० किमी किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी येईल ते, अशी दिलेली असते. यातील ‘जे आधी येईल ते’ हे शब्द बहुधा दुर्लक्षिले जातात. वर्षातून ३,००० किमी चालणाऱ्या गाडीतही आर्द्रता, इंधन व ऑक्सिडीकरण यांमुळे तेल खराब होतच असते. म्हणून कमी चाललेली गाडी दोन-तीन वर्षे तेल न बदलता वापरणे अयोग्य होय. प्रत्येक तेलबदलाबरोबर फिल्टर बदलणे हा आज सर्वमान्य नियम आहे. जुना फिल्टर तसाच ठेवल्यास त्यातील पावशेराच्या आसपासचे काळे तेल नव्या तेलात लगेच मिसळते.

पुस्तिकांमध्ये ‘खडतर वापर’ या मथळ्याखाली कमी मुदत सांगितलेली असते. धुळीचे रस्ते, वारंवार थोड्या अंतराचे प्रवास, संथ वाहतूक, अति उष्ण हवामान आणि जड ओझे यांचा त्यात समावेश होतो.

श्रीपूर परिसरातील वापर

श्रीपूर हे अकलूज व पंढरपूर यांदरम्यानच्या ऊसपट्ट्यातील गाव साखरउद्योगामुळे नावारूपास आले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे होता. शेजारच्या माळीनगर येथे सासवड माळी शुगर फॅक्टरी १९३२ पासून आहे. गाळप हंगामात, म्हणजे साधारणतः दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, या भागातील रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर व मालमोटारी यांची रीघ असते. त्यांच्या मागून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये संथपणे चालणारी सेडान किलोमीटर कमी कापते. पण तिचे इंजिन तासन्‌तास चालते. किलोमीटरमापक हा झिजेचा पूर्ण हिशेब देत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

शेतरस्त्यांवरील काळ्या मातीची बारीक धूळ, उन्हाळ्यात ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणारे तापमान आणि घर, बाजार व शाळा असे दोन-चार किलोमीटरचे फेरे, या तिन्ही गोष्टी खडतर वापराच्या व्याख्येत बसतात. अशा परिस्थितीत पुस्तिकेतील खडतर वापराची मुदत पाळणे, तसेच तेलाबरोबर एअर फिल्टरही तपासणे योग्य ठरते. धूळ मुख्यतः हवेच्या मार्गानेच इंजिनात शिरत असल्यामुळे एअर फिल्टर फाटलेला असेल, तर उत्तम ऑइल फिल्टरही इंजिन वाचवू शकत नाही.

सोयीची वेळ म्हणून हंगाम संपल्यावर एकदा व पुस्तिकेनुसार गरज असल्यास हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा, असे वेळापत्रक ठरविता येते. आषाढी वारीच्या काळात या भागातील रस्ते पालख्यांच्या वाहतुकीने भरून जातात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

बदलण्याची पद्धत

आवश्यक साहित्य : योग्य भागक्रमांकाचा फिल्टर; पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचे तेल, उदाहरणार्थ ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०; ड्रेन बोल्टचा नवा वायसर; योग्य मापाचा पाना; फिल्टर काढण्याचा पाना; घमेले किंवा पसरट भांडे; नरसाळे; स्वच्छ फडके व हातमोजे. तेलाचे प्रमाण इंजिनानुसार बदलते; कौटुंबिक सेडानला बहुधा तीन ते साडेचार लिटर तेल लागते.

सुरक्षितता : गाडी सपाट व टणक जागेवर उभी करून हँडब्रेक लावावा व चाकांना ओट लावावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरून प्राणघातक अपघात होतात. गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी किंवा रॅम्पचा अथवा सर्व्हिसिंगच्या खड्ड्याचा उपयोग करावा. ही सोय नसल्यास काम गॅरेजमध्येच करून घ्यावे आणि पुढील टप्पे नीट होतात की नाही हे पाहावे.

कृती :

१. इंजिन काही मिनिटे चालवून तेल कोमट करावे. कोमट तेल पातळ होऊन मळासह बाहेर येते. अतितप्त तेलाने मात्र हात भाजतो.

२. इंजिन बंद करून वरील तेलाचे झाकण सैल करावे, म्हणजे हवा आत जाऊन तेल सुरळीत उतरते.

३. चेंबरखाली घमेले ठेवून ड्रेन बोल्ट काढावा. धार थेंबांवर येईपर्यंत थांबावे.

४. नवा वायसर घालून बोल्ट प्रथम हाताने बसवावा व नंतर पुस्तिकेत दिलेल्या घट्टपणापर्यंत आवळावा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे मऊ असतात. अवाजवी जोराने ते निघून येतात.

५. घमेले फिल्टरखाली सरकवून जुना फिल्टर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सोडवावा.

६. जुन्या फिल्टरचे गॅस्केट त्याच्याबरोबर निघाले आहे याची खात्री करावी. ते इंजिनास चिकटून राहिले व त्यावर नवा फिल्टर बसला, तर दोन गॅस्केटांमधून तेल वेगाने बाहेर फेकले जाते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामे होऊ शकते. फिल्टर बदलताना होणारी ही सर्वांत घातक चूक होय.

७. बैठकीची जागा फडक्याने पुसावी. नव्या गॅस्केटवर बोटाने स्वच्छ तेलाचा पातळ थर द्यावा. फिल्टर तोंड वर करून बसत असल्यास त्यात थोडे नवे तेल भरावे.

८. नवा फिल्टर हातानेच फिरवावा. गॅस्केट टेकल्यानंतर आणखी सुमारे पाऊण फेरा पुरेसा असतो. नेमका आकडा बहुधा डब्यावर छापलेला असतो. आवळण्यासाठी पाना वापरू नये.

९. काडतूस फिल्टर असल्यास जुनी ओ-रिंग काढून नवी नेमक्या त्याच खाचेत बसवावी, तिला तेल लावावे आणि टोपी तीवर छापलेल्या मापाइतकीच आवळावी.

१०. नरसाळ्याने सांगितलेल्या प्रमाणापेक्षा थोडे कमी तेल ओतावे व झाकण लावावे.

११. इंजिन सुरू करून ते मंद गतीवर ठेवावे. तेलदाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो न विझल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे.

१२. मिनिटभर चालवून फिल्टर व बोल्ट यांपाशी गळती आहे का ते पाहावे. इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवरील पातळी तपासावी व दोन खुणांच्या दरम्यान वरच्या खुणेजवळ येईल इतके तेल घालावे. खुणेच्या वर तेल भरणेही हानिकारक असते.

१३. दिनांक व किलोमीटर यांची नोंद ठेवावी आणि पहिल्या प्रवासानंतर गळती पुन्हा तपासावी.

प्रचलित गैरसमज

‘फिल्टर डिझेलने धुऊन पुन्हा चालतो’ : अयोग्य. कागदाच्या तंतूंत रुतलेला मळ धुऊन निघत नाही. उलट कागद कमकुवत होतो. हवेच्या झोताने साफ केल्यास तो फाटण्याचा संभव असतो.

‘फिल्टर भरला की लाल दिवा लागतो’ : अयोग्य. तो दिवा तेलाचा दाब धोकादायक रीतीने घसरल्याचे सांगतो. फिल्टर तुंबल्यावर बायपास झडप उघडते व दाब टिकून राहतो, त्यामुळे दिवा लागत नाही. गाडी चालू असताना तो लागल्यास ती बाजूस घेऊन इंजिन त्वरित बंद करणे हाच उपाय असतो. ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ या विचारात इंजिन जाम होऊ शकते.

‘जितका घट्ट तितका चांगला’ : अयोग्य. अति आवळल्याने गॅस्केट चेपून फाटते व पुढच्या वेळी फिल्टर निघत नाही.

‘गॅसवरील गाडीला फिल्टर बदलावा लागत नाही’ : अयोग्य. सीएनजीच्या ज्वलनातून काजळी कमी निघत असल्याने तेल स्वच्छ दिसते, तथापि झीज, उष्णता व धूळ यांचा परिणाम होतच असतो. फक्त बॅटरीवर चालणाऱ्या विद्युत सेडानमध्ये मात्र इंजिनच नसल्याने इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर दोन्ही नसतात.

जुने तेल व फिल्टर यांची विल्हेवाट

वापरलेल्या तेलात जड धातू व ज्वलनातून निर्माण झालेली विषारी द्रव्ये असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार एका गाडीच्या एका तेलबदलातील तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. विहिरी, बोअर, कालवे आणि नीरा-भीमेच्या पाण्यावर जगणाऱ्या प्रदेशात ही बाब गंभीर ठरते. ओढ्याकाठी किंवा बांधावर ओतलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर तेथूनच पिण्याच्या व शेतीच्या पाण्यात उतरते.

ग्रामीण भागात ‘जळके ऑइल’ लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासण्याची, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावण्याची किंवा बैलगाडीच्या आसास घालण्याची रीत आहे. काटकसरीच्या दृष्टीने ती समजण्याजोगी असली, तरी ते तेल त्वचेस अपायकारक असते व अखेरीस मातीतच जाते. उघड्यावर जाळल्यास विषारी धूर होतो.

भारतात वापरलेले तेल ‘घातक व अन्य अपशिष्टे (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६’ यांच्या कक्षेत येते. या नियमांत २०२३ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. योग्य प्रक्रियेने या तेलापासून पुन्हा मूळ वंगणतेल मिळविता येते. तेल झिजत नाही, ते मळते, असे म्हणता येईल.

घरी तेल बदलणाऱ्याने जुना फिल्टर उपडा ठेवून त्यातील तेल पूर्ण निथळू द्यावे, तेल झाकणाच्या डब्यात साठवावे आणि दोन्ही वस्तू अधिकृत पुनर्चक्रकाकडे माल देणाऱ्या सर्व्हिस सेंटर किंवा गॅरेजकडे सोपवाव्यात. त्या डब्यात पाणी, पेट्रोल किंवा कूलंट मिसळू नये. मिसळल्यास पुनर्चक्रण कठीण होते. खाद्यतेलाचा किंवा पाण्याचा रिकामा डबा वापरल्यास त्यावर ठळक अक्षरांत नोंद करून तो मुलांपासून दूर ठेवावा.

हेही पाहा

वंगण
अंतर्ज्वलन इंजिन
एअर फिल्टर
वालचंद हिराचंद
माळशिरस तालुका